आगीकडून दुसरी रांग

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दाजी खालच्या ड्रममध्ये उताणे पडून वरून येणाऱ्या पोलादी गोळ्यांची वाट पाहत होते.

ड्रम म्हणजे जाड लोखंडाची आडवी ठेवलेली, दोन्ही टोकांनी बंद अशी टाकी. आत शिरायला माणसाच्या खांद्यांपुरतं लंबगोल तोंड. आत बसता येतं, पण मान वाकवून, म्हणून दाजी पडूनच राहतात. पाठीखाली रबराची चटई, चटईखाली लाल-काळा ओला गाळ, पायाशी जाळीतला दिवा. डोळ्यांसमोर हातभर अंतरावर नळ्यांची तोंडं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, रांगेने. या नळ्या वाकत वाकत वर जातात आणि दोन मजले उंचावरच्या दुसऱ्या ड्रममध्ये उघडतात. बॉयलर चालू असला की त्यांच्या आतून पाणी फिरतं आणि बाहेरून आग लागते. पाण्याची वाफ होते, वाफेवर कागद वाळतो. कारखाना कागदाचा आहे.

वरच्या ड्रममध्ये दाजींचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने एका नळीत गोळी सोडायची आणि नळीत तोंड घालून ओरडायचं, "सोडली." गोळी खाली पडली की दाजींनी ओरडायचं, "आली." गोळी लिंबाएवढी, नळीच्या पोकळीपेक्षा जराशीच लहान. आली तर नळी मोकळी आहे. नाही आली तर आत काहीतरी अडकलेलं आहे. एक रांग संपली की दाजी खाली पडलेल्या गोळ्या बादलीत भरून तोंडाबाहेर ठेवणार, मेहुणा बाहेरच्या दोरीने बादली वर ओढणार, गोळ्या पुऱ्या आहेत हे पाहणार आणि पुढची रांग धरणार. नळ्या साफ झाल्याची ही शेवटची तपासणी. तिला एक सोडणारा हात लागतो आणि एक ऐकणारा कान.

"सोडली."

"आली."

"सोडली."

"आली."

"दाजी, झोपलात का? ताईला सांगू?"

"आली," दाजी म्हणाले.

वर मेहुणा हसला नाही. त्याने पुढची गोळी सोडली.

मेहुणा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून सगळा कारखाना दाजी म्हणतो. फाटकावरचा रखवालदार म्हणतो, ठेकेदार म्हणतो, वयाने मोठा असलेला फिटरही म्हणतो. आम्ही सगळ्यांनी मिळून आमची बहीण या माणसाला दिली आणि हा अजून मानपान मागत नाही, हा फिटरचा विनोद. फिटर तो दर वर्षी सफाईच्या दिवसांत एकदा करतो. दाजी दर वर्षी हसतात. यंदा बाकीचे हसल्यावर हसले.

दाजी या कामाला लागले तेव्हा लांब सळईला तारेचा ब्रश बांधून नळ्या हाताने घासत. पाण्यातला क्षार नळीला आतून धरतो, जुन्या किटलीला धरतो तसा, पांढरट आणि दगडासारखा. थर जाड झाला की आगीची आच पाण्यापर्यंत पोचत नाही. मग नळीचं लोखंडच तापतं, फुगतं आणि एक दिवस फाटतं. ब्रशने वरवरचा क्षार निघायचा, मुळातला राहायचा. पुढे यंत्र आलं. एका टोकाला मोटर, मध्ये रबरी आवरणात गरगरणारी लांबलचक केबल आणि पुढे बोटभर लांबीचं लोखंडी डोकं. डोक्याला तीन हात, हातांवर दातेरी चकत्या. मोटर सुरू झाली की हात फाकतात, चकत्या नळीच्या अंगाला लागतात आणि खपल्या उडवतात. मागून सोडलेलं पाणी त्या खपल्या खाली वाहून नेतं. यंत्राला छापील नाव मोठं आहे. सगळे त्याला भिंगरी म्हणतात.

भिंगरी चालवायचा नियम एकच: ती एका जागी उभी करायची नाही. थांबली की क्षार संपल्यावर लोखंड खाते. क्षार कुठे संपला आणि लोखंड कुठे लागलं हे दिसत नाही, कारण काम नळीच्या आत, दोन मजले खोल चाललेलं असतं. ते केबलवरच्या हाताला कळतं. क्षारावर केबल खडखडते, लोखंडावर झिणझिणते. हा फरक तोंडाने सांगून कुणाला शिकवता आलेला नाही. दाजींच्या हातात तो दुसऱ्या वर्षी आला, आणि पुढची सगळी वर्षं वरच्या ड्रममध्ये बसून केबल सोडायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. साहेब बदलले, ठेकेदार बदलले, केबल कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्न कधी निघाला नाही.

तीच थरथर हात घेऊन गेली. आधी गार सकाळी बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, मेणाची असावीत तशी. मग ती पांढरी नसतानाही त्यांना काही कळेनासं झालं. उकळत्या चहाचा ग्लास दाजी मुठीत धरायचे तेव्हा बाकीचे म्हणायचे, याला म्हणतात कामाचा हात. घरी शर्टाची बटणं बायको लावू लागली. तिने कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी दाजी ठेकेदाराला म्हणाले, गुडघे शिडी चढत नाहीत, मी खाली बसतो, केबल मेहुण्याला द्या. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

खालच्या ड्रममध्ये हात लागत नाही, कान लागतो. कान त्याआधीच जायला लागले होते. लोखंडाच्या टाकीत बसून लोखंड कापल्याचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला की आधी बारीक आवाज जातात. पंख्याची घरघर दाजींना अजून ऐकू येते, ट्रक ऐकू येतो. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, चमचा पडलेला ऐकू येत नाही, आणि पोलादी गोळी ड्रममध्ये पडली की होणारा टणत्कार ऐकू येत नाही. कायम कामगारांचे कान कारखाना वर्षातून एकदा तपासतो. ठेक्यावरच्यांचे तपासत नाही. दाजींना ते सोयीचं पडलं.

त्यांनी आपली एक पद्धत बसवली. मेहुण्याचा आवाज नळीतून घुमत येतो, तो जाड असल्यामुळे कळतो. तो कळला की एक श्वास घ्यायचा आणि "आली" म्हणायचं. रांग संपली की दिवा फिरवून गोळ्या वेचायच्या. कधी एखादी कमी भरायची, गाळात बुडालेली असायची किंवा लांबच्या टोकाला घरंगळत गेलेली. वर बादली उशिरा गेली तर मेहुणा हाका मारणार आणि त्या हाकांतलं काय कळणार, म्हणून दाजींनी जुन्या संचातली एक गोळी खिशात बाळगायला सुरुवात केली. एक कमी पडली की खिशातली बादलीत टाकायची. सगळ्या रांगा झाल्यावर ड्रम धुताना हरवलेली गोळी सापडते, ती परत खिशात. दोन वर्षं ती दर वेळी सापडली.

त्या सकाळी आगीकडून दुसऱ्या रांगेत एक गोळी कमी पडली. दाजींनी खिशातली टाकली. मेहुण्याने बादली ओढली, गोळ्या पुऱ्या भरल्या, त्याने तिसरी रांग धरली.

दुपारी ड्रम धुवायची वेळ आली. दाजींनी गाळ घमेल्याने बाहेर काढला, पत्र्यावर पसरला आणि काठीने उकरला. हाताने चाचपण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या बोटांना गोळी आणि ढेकूळ सारखंच. गोळी नव्हती. पाण्याचा फवारा मारून ड्रम धुतला, दिवा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत गेले. तळ स्वच्छ होता. परत आले, परत गेले. मग पाठीवर पडून त्यांनी दुसऱ्या रांगेतल्या एकेका तोंडात तार घातली. तार पहिल्या वाकणापर्यंत जाते, पुढे जात नाही. सगळ्या नळ्यांत ती तिथपर्यंत गेली.

म्हणजे गोळी आली नव्हती. त्या रांगेतली कुठली तरी एक नळी वाकणाच्या वर बंद होती आणि दाजी तिच्याखाली पडून "आली" म्हणाले होते.

याचा अर्थ त्या कारखान्यात दाजींइतका स्वच्छ कुणालाच कळला नसता. बंद नळीत पाणी फिरत नाही. आगीजवळच्या रांगेतली नळी पाण्याविना काही तासांत लाल होते. उद्याच्या पाण्याच्या दाबाच्या चाचणीत यातलं काही दिसणार नाही, कारण ती चाचणी गळती दाखवते, अडथळा दाखवत नाही. नळी फाटेल ती पेटवल्यावर, भर दाबात, आणि फाटेल ती भट्टीच्या बाजूला. भट्टीच्या दारापुढे फायरमन उभा असतो. काचेच्या झरोक्यातून आग बघणं हे त्याचं काम आहे.

साहेब आले तेव्हा दाजी ड्रमच्या तोंडाशी बसले होते. साहेब बॉयलरचे इंजिनिअर, कामाला नेटके, कामगारांशी बोलताना हातातला फोन खाली ठेवणारे. त्यांच्या तोंडावर धुळीचा मुखवटा होता, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. पण हा प्रश्न दर वर्षी तोच असतो: गोळ्या सगळ्या आल्या ना?

दाजींनी मान हलवली. होकारार्थी.

साहेब गेल्यावर दाजींनी जे केलं त्याला वेळ काढणं म्हणतात. फिटर झाकण बसवायला आला तर म्हणाले, रबरी कडं झिजलंय, नवीन आण. त्याने नवीन आणलं. म्हणाले, ड्रम अजून ओला आहे.

"दाजी, उद्या त्यात पाणीच भरायचंय," फिटर म्हणाला. "ओलाच होणार आहे तो."

फिटरने बोल्ट आवळायला घेतले. दाजी आतल्या बाजूला हात ठेवून बसले, म्हणून त्याला थांबावं लागलं. तो थांबला, त्यांच्याकडे बघत राहिला आणि शेवटी त्यांचा हात मनगटाला धरून बाजूला ठेवला, लहान मुलाचा ठेवतात तसा. संध्याकाळी पाचच्या आत दोन्ही झाकणं बंद झाली.

दाजींची खोली कारखान्याच्या मागच्या रांगेत आहे. एक खोली, मोरी, पुढे वीतभर ओटा. खोली ठेकेदाराची, काम आहे तोवर. दाजी आणि बायको आत राहतात, मेहुणा दोन दारं सोडून. दोन्हींच्या मधल्या, म्हणजे दाजींच्या अगदी लागून असलेल्या खोलीत फायरमन राहतो. अवेळी बोलावणं आलं तर माणसं जवळ हवीत म्हणून कारखान्याने ही रांग बांधली. भिंती एका विटेच्या.

दाजींनी हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाले, भावाला बोलाव.

मेहुणा आला, दारातच उभं राहून म्हणाला, "काय झालं? जेवायला बसत होतो."

दाजींनी सांगितलं. दुसरी रांग, कमी पडलेली गोळी, खिशातली गोळी, धुतलेला ड्रम. क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही. बायको पोळपाट बाजूला सारून ऐकत होती. मेहुण्याने दार लावून घेतलं.

इथून पुढची अडचण अशी होती की मेहुण्याला जे सांगायचं होतं ते हळू सांगायचं होतं, आणि दाजींना हळू सांगितलेलं ऐकू येत नव्हतं.

"कुणाला बोललात?" त्याने विचारलं.

"काय?"

"कुणाला बोललात का?"

"कुणाला नाही."

"मग बोलू नका."

"काय?"

"बोलू नका," मेहुणा ओरडला. बायको उठली आणि मोरीतला नळ पूर्ण सोडून आली. बादलीत पाणी धो धो पडायला लागलं. त्याचा उपयोग एवढाच झाला की मेहुण्याला आणखी मोठ्याने बोलावं लागलं.

"पाणी भरलं की सुटेल ती. गोळीच आहे, काय दगड नाही."

"सुटत नाही," दाजी म्हणाले. "दुसरी रांग आहे."

"दाजी, झाकण परत उघडायला लावलं तर साहेब विचारणार, खाली कोण होतं. मग विचारणार, याला ऐकू येत नाही हे कुणाला माहीत होतं. मी काय सांगू? गेल्या वर्षी मीच त्यांना म्हणालो होतो, दाजींचे कान आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट आहेत."

"तू का म्हणालास तसं?"

"तुम्ही खाली राहावं म्हणून. नाहीतर कुठे गेला असता?"

दाजी गप्प बसले. मेहुण्याला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. तो त्यांच्या कानाजवळ गेला.

"मी गोळी हातातच धरून दुसरंच काही ओरडतो आणि तुम्ही खालून आली म्हणता. एकदा नाही, कितीदा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून कुणाला ऐकू जाणार होतं?"

बायको म्हणाली, "भावा, आवाज."

"माझा आवाज? यांचा ऐक ना."

आणि हे खरं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. दाजी सांगतात की त्या संध्याकाळी आपण सगळं कुजबुजत बोललो. बायको सांगते की ते भाषणाला उभे राहिल्यासारखे बोलत होते. गोळी, खिसा, दुसरी रांग, हे सगळं पहिल्यापासून एका विटेच्या भिंतीपलीकडे गेलं होतं. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला लागत नव्हते.

"पाया पडतो, ऐका," मेहुणा म्हणाला. "ताईची खोली जाईल. माझी जाईल. माझी दोन पोरं आहेत. दुसरीकडे कोण उभं करणार आपल्याला? एक पाळी जाऊ द्या, बघू काय होतंय."

"होईल ते फायरमनला होईल."

"होईलच असं नाही."

"अरे, तो मरेल," दाजी म्हणाले. त्यांच्या मते हळूच.

शेजारी पाटावरून माणूस उठल्याचा आवाज झाला. तो बायकोने ऐकला, मेहुण्याने ऐकला, दाजींनी ऐकला नाही. त्यामुळे त्या घटकेला दाजी काय करत होते याला महत्त्व आहे, आणि त्याबद्दल एकमत नाही. दाजी म्हणतात, मी चप्पल घालत होतो, शेजारीच निघालो होतो. मेहुणा म्हणतो, ते भिंतीला टेकून बसले होते आणि मी अजून अर्धा तास बोललो असतो तर ऐकले असते. बायको म्हणते, उभे होते. चप्पल एकाच पायात होती. दुसरी कधी घातली असती ते मला विचारू नका.

दार वाजलं. बायकोने नळ बंद केला आणि दार उघडलं.

फायरमनच्या उजव्या हाताला जेवणाचं खरकटं तसंच होतं. तो मोठ्या आवाजाचा माणूस नाही. तो आत येऊन दाजींच्या समोर उभा राहिला, दिव्याचा उजेड आपल्या तोंडावर येईल असा, आणि सावकाश म्हणाला, "कुठली रांग?"

दाजींनी ओठ वाचले. "आगीकडून दुसरी."

"म्हणजे माझ्या तोंडासमोरची."

"हो."

"नळी कुठली?"

"माहीत नाही."

मेहुणा म्हणाला, "आम्ही उद्या बघणारच होतो."

"उद्या मी पेटवणार होतो," फायरमन म्हणाला.

मग फायरमनने मोरीकडे बोट दाखवून बायकोला विचारलं, "वहिनी, हात धुऊ का?" हात धुतला, पंच्याला पुसला आणि दाजींना म्हणाला, "दुसरी चप्पल घाला. साहेब अजून ऑफिसात आहेत."

मेहुणा मागून आला. फाटकाजवळ त्याने त्यांचा दंड धरला आणि काहीतरी म्हणाला. अंधार पडायला लागला होता, ओठ दिसले नाहीत. तो काय म्हणाला हे दाजींना अजून माहीत नाही. मेहुणा सांगत नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मुखवटा आता नव्हता. त्यांनी आधी फोन उचलून पाणी भरणं थांबवलं, मग दाजींना विचारलं, "दुपारी मी विचारलं तेव्हा मान का हलवली?"

"खोली जाईल म्हणून," दाजी म्हणाले.

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि मेहुण्याने जमिनीकडे.

आज सकाळी झाकणं परत उघडली. मेहुणा वर गेला. खालच्या ड्रममध्ये फायरमन स्वतः उतरला. ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला तो तयार नव्हता, आणि त्याची मर्जी मोडायचा हक्क आज कुणाला नव्हता. दाजींना बाहेर, झाकणाजवळ उभं केलं. दोन्ही ड्रमच्या मधल्या लोखंडी जिन्यावर साहेब होते. सोडली, आली. सोडली, आली. फायरमनचा आवाज बारीक, दाजींना बाहेर तो पोचत नव्हता. ते साहेबांच्या हाताकडे बघत होते. प्रत्येक "आली" ला साहेब कठड्यावर बोट आपटत.

रांग अर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा बोट आपटायचं थांबलं.

मेहुण्याने केबल सोडली, मोटर सुरू केली. भिंगरी पहिल्या वाकणापर्यंत उतरली आणि अडली. मागे घेतली, परत सोडली. तिसऱ्या वेळी आतून काहीतरी सुटलं आणि खाली फायरमनच्या चटईशेजारी येऊन पडलं. आधी एक दातेरी चकती, अर्धी तुटलेली. तिच्यामागून दोन गोळ्या, कालची आणि आजची. पाठोपाठ तळहातभर खपल्या.

ती चकती भिंगरीची होती. परवा त्या नळीत भिंगरी फिरत असताना तिच्या एका हातावरची चकती तुटली, वाकणात रुतली, तिच्यावर खपल्या साचल्या आणि गोळी त्या ढिगावर येऊन बसली. चकती तुटते तेव्हा केबलला हिसका बसतो. तो हिसका असा असतो की केबल धरणारा नवखा असला तरी मोटर बंद करून भिंगरी बाहेर काढून बघतो. मेहुण्याने परवा मोटर बंद केली नव्हती. ती नळी पूर्ण केली होती आणि पुढच्या नळीत भिंगरी घातली होती.

"हाताला कळलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"गडबडीत राहून गेलं असेल," मेहुणा म्हणाला.

साहेबांनी तुटकी चकती त्याच्याकडे दिली. मेहुण्याने ती घेतली आणि ती त्याच्या बोटांतून सुटून जिन्याच्या जाळीवर पडली. त्याने वाकून उचलली. परत सुटली. दुसऱ्यांदा त्याने ती बोटांनी उचललीच नाही, तळहाताखाली ओढत कडेला आणली आणि दुसऱ्या हातावर लोटून घेतली.

दाजी खाली उभे राहून बघत होते. ऐकू न आलेल्या गोष्टी त्यांच्या आयुष्यात बऱ्याच आहेत, पण ही ऐकायची नव्हतीच. बोटांना कळत नसताना वस्तू उचलायची ही पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती. मेहुण्याचं वय अडतीस आहे.

जिन्यावरून मेहुणा उतरला तेव्हा दाजी त्याला म्हणाले, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बोटं."

मेहुण्याने आजूबाजूला पाहिलं. साहेब लांब गेले होते. "दाजी, हळू बोला," तो म्हणाला. त्यांनी ते ओठांवरून वाचलं. मग त्याने मान हलवली, आणि ती मान होकाराची होती की गप्प बसा म्हणणारी हे सांगता येत नाही. दाजी पुढे काही बोलले नाहीत. घरी जाऊन बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला एका दिवसात किती सांगायचं, असं ते म्हणतात. पण तिच्या भावाच्या शर्टाला गेल्या हिवाळ्यापासून वरचं बटण नसतं, हे तिनेच जेवताना सहज सांगितलं. निष्काळजी आहे, असं तिचं म्हणणं.

दुपारी बॉयलर पाण्याने भरला आणि दाबाची चाचणी झाली. एकही नळी गळली नाही. संध्याकाळच्या पाळीच्या माणसाने तो पेटवला. साहेबांनी ठेकेदाराला सांगितलं की दाजींना यापुढे ड्रममध्ये उतरवायचं नाही. दाजींना करता येण्यासारखं दुसरं काम कारखान्यात नाही, आणि हे साहेबांनी तोडून टाकायचं म्हणून नव्हे, तर खरंच शोधून पाहिल्यावर सांगितलं. खोली महिनाअखेरपर्यंत. मेहुण्याचं काम चालू राहिलं आहे. केबल धरणारा दुसरा माणूस या भागात नाही, आणि तुटलेल्या चकतीचा दोष चकतीवर लावून झाला.

फायरमन संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. दाजींच्या बायकोने चहा दिला. तो दाजींना म्हणाला, सावकाश, तोंडावर उजेड घेऊन, "तुम्ही निघाला होता ना माझ्याकडे? काल संध्याकाळी."

"निघालो होतो," दाजी म्हणाले.

"मग झालं." त्याने चहा संपवला. जाताना तो बायकोला म्हणाला, "वहिनी, भिंतीला गिलावा करून घ्या. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल." बायको हसली नाही. त्यालाही ते बोलून झाल्यावर कसंसंच झालं.

उद्या सकाळी सात वाजता शेजारच्या बॉयलरची झाकणं उघडतील. नळ्या त्याच मापाच्या आहेत. वरच्या ड्रममध्ये केबल घेऊन मेहुणा बसेल, खालच्या ड्रममध्ये फायरमन, त्याने त्यासाठी पाळी बदलून घेतली आहे. दाजींचा फाटकाचा पास आज संध्याकाळी रखवालदाराने जमा करून घेतला.